भात्याच्या घडीमागे

“परवा मिरजेत दुर्बीण घातली, सगळं क्लिअर आलं. म्हणजे पॉलिप नाहीच ना?” शेजारच्या काकांनी विचारलं. “बहुतेक नाही,” म्हणालो, तर त्यांचा चेहरा पडला. पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर वाढलेली छोटी गाठ.

एकाच माणसाची लागोपाठ दोनदा कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून पाहिलेले अभ्यास आहेत. पहिल्या खेपेला पाचातला साधारण एक पॉलिप निसटतो. डॉक्टरांचा हलगर्जीपणा म्हणाल, तर आधी घरातल्या पेटीचा भाता आठवा. मोठं आतडं सुमारे दीड मीटर आणि आतून तसंच घड्याघड्यांचं. दुर्बीण आधी पार उंडुकापर्यंत, म्हणजे मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथपर्यंत, नेतात आणि बाहेर काढता काढता नीट बघतात. पण कॅमेऱ्याचं तोंड तेव्हाही आतल्याच दिशेला. त्यामुळे प्रत्येक घडीची पलीकडची बाजू लपलेलीच राहते, आणि चपटा पॉलिप नेमका तिथे बसलेला असू शकतो.

यावरचा एक उपाय मला फार आवडतो, कारण त्याला ना वीज लागते ना लेन्स. एंडोकफ म्हणजे दुर्बिणीच्या टोकावर चढवायची छोटी प्लॅस्टिकची बाही, तिला मऊ बोटं. गवताचं कुसळ मोज्यात सहज शिरतं आणि ओढताना अडतं, तशीच ही बोटं आत जाताना दुर्बिणीला चिकटून आडवी पडतात, मागे ओढताना उभी राहतात आणि घडी धरून सपाट करतात. शिवाय टोक मध्यभागी राहतं, एकदम सटकून चार घड्या ओलांडत नाही. ब्रिटनमध्ये 1772 जणांवर झालेल्या चाचणीत (2019) अडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणारे पॉलिप, सापडलेल्यांचं प्रमाण 36.2 वरून 40.9 टक्क्यांवर गेलं. आतडं अरुंद झालं असेल किंवा जोराची सूज असेल, तर मात्र हा कफ लावत नाहीत.

एआयचा गवगवा सध्या जोरात आहे. ते पडद्यावरच्या संशयित जागेभोवती चौकट काढतं, उपयोगीही आहे. पण जे पडद्यावर आलंच नाही, त्याला चौकट कशी काढणार?

काकांच्या टेबलावर ‘वर्षानुवर्षं चिकटलेला मळ’ काढणाऱ्या चूर्णाचा डबा होता. आदल्या रात्री औषध पिऊन आतडं धुऊन निघालं की डॉक्टरांना दिसते ती गुलाबी, ओलसर भिंत. असा मळ तिथे नसतोच, हे त्यांच्याच रिपोर्टातला फोटो दाखवून सांगितलं.

रिपोर्टात उंडुकापर्यंत पोचल्याची नोंद होती, सफाई ‘चांगली’ होती. कफ लावला होता का, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.