कुटुंबगाथा आणि जन्मभराच्या मैत्रीची कादंबरी: सारख्या दिसणाऱ्या दोन जाती

कादंबरीच्या मलपृष्ठावर ‘तीन पिढ्यांचा पट’ किंवा ‘चार दशकांची नाती’ असे शब्द दिसले की आपण तिला कौटुंबिक कादंबरी म्हणून मोकळे होतो. मुंबईतल्या वाचनालयात पुस्तक बदलायला येणारा वाचकही जाडजूड, पुष्कळ माणसांची, नात्यागोत्यांची कादंबरी मागतो, आणि त्या मागणीपोटी त्याच्या हाती दोन वेगळ्या जातींची पुस्तके पडत राहतात. एक जात कुटुंबगाथेची, दुसरी जन्मभराच्या मैत्रीची. दोन्हींत लग्ने होतात, मुले जन्मतात, घरे बदलतात, म्हातारी माणसे जातात, आणि वाचून संपेपर्यंत अर्धे शतक सहज उलटते. तरीही एकीच्या अपेक्षेने दुसरी वाचायला घेतली तर वाचक अर्ध्यावर कंटाळतो आणि दोष लेखकाला देतो. माझ्या मते फरक पात्रांच्या संख्येत किंवा वर्षांच्या हिशेबात नसून नाते कोण टिकवते यात आहे. कुटुंबगाथेत नाते आधीपासून असतेच, म्हणून कथेचा सारा ताण त्यातून सुटता येईल का, या प्रश्नात असतो. मैत्रीच्या कादंबरीत नात्याला बाहेरचा कसलाच आधार नसतो, म्हणून ताण असतो तो ही माणसे पुन्हा एकमेकांकडे का यावीत, या प्रश्नात.

गोंधळ होण्याला कारणही तसेच असते. एलेना फेरान्ते यांची नेपल्सवरची चार भागांची कादंबरी 2011 ते 2014 या काळात इटालियनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या भागाच्या सुरुवातीला पात्रांची यादी आहे आणि ती कुटुंबवार आहे: चांभाराचे चेरुल्लो कुटुंब, पालिकेतल्या शिपायाचे ग्रेको कुटुंब, आणि असेच वस्तीतले इतर. ती यादी पाहून कोणीही म्हणेल की ही एका वस्तीची कुटुंबगाथा आहे. प्रत्यक्षात ती चेरुल्लोंच्या लीला आणि ग्रेकोंच्या एलेना या दोन मुलींच्या मैत्रीची कथा आहे. कुटुंबे तेथे पार्श्वभूमी म्हणून आहेत, आणि त्या दोघींना ज्यातून बाहेर पडायचे आहे ती भिंत म्हणूनही.

कुटुंबगाथेचे मूळ रूप आपल्याकडे कादंबरीच्या बाहेर सापडते. महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. त्यांत मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, शाखा आणि वंशावळ असते. कोण कोठे स्थलांतरित झाले आणि कोणाला किती मुले झाली याची नोंद असते. रंगनाथ पठारे यांनी 2019 साली आलेल्या आपल्या बृहद्कादंबरीला ‘सातपाटील कुलवृत्तांत’ हे नाव दिले, तेव्हा त्यांनी कादंबरीचे या नोंदवहीशी असलेले नाते उघडच मान्य केले. थॉमस मान यांच्या 1901 च्या ‘बुडेनब्रोक्स’मध्ये तर अशी वही घरातच आहे. जर्मनीतल्या ल्युबेक शहरातल्या त्या धान्यव्यापारी घराण्यात जन्म, लग्न आणि मृत्यू पिढ्यान् पिढ्या एका वहीत लिहिले जातात. घरातला शेवटचा मुलगा हान्नो एके दिवशी ती वही उघडतो आणि आपल्या नावाखाली पट्टीने नीट दुहेरी रेघ मारून ठेवतो. वडील संतापून विचारतात तेव्हा तो चाचरत सांगतो, की यापुढे काही येणार नाही असे त्याला वाटले. उपशीर्षकातच घराण्याच्या ऱ्हासाची कथा असे म्हणणाऱ्या या कादंबरीचा सगळा अर्थ त्या रेघेत उतरला आहे. कुटुंबगाथेत माणसे मरणारच. वाचकाला धास्ती असते ती वहीतल्या नोंदी थांबण्याची.

कुलवृत्तांतात मित्राला जागा नसते. एखाद्याने चाळीस वर्षे एका मित्राबरोबर सुखदुःख वाटून घेतले असले, त्याच्या मुलीचे लग्न स्वतः उभे राहून लावले असले, तरी त्याची नोंद कोणत्याही वंशावळीत होत नाही. मुंबईत तर हा भेद कायद्याच्या भाषेतही वाचता येतो. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने आणि त्याची जागा घेणाऱ्या 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला खोलीवरचा हक्क पुढे चालवता येतो. त्याच खोलीत वर्षानुवर्षे राहिलेल्या मित्राला केवळ मित्र म्हणून तो हक्क मिळत नाही. गिरणगावात एका गावच्या पुरुषांनी खोली घेऊन एकत्र राहण्याची, खानावळीत जेवण्याची आणि एकमेकांच्या आजारपणात रात्री जागवण्याची रीत कैक वर्षे चालली. माझ्या दृष्टीने मैत्रीच्या कादंबरीचे बीज अशा जागी असते, जेथे माणसे एकमेकांना सर्वस्व देतात आणि कागदावर त्यांचे काहीच नाते नसते. कादंबरीकाराला तो कागद स्वतःच तयार करावा लागतो.

दोन्ही जाती वेगळ्या ओळखण्याची खरी जागा लग्न ही आहे. मी तरी पुस्तक हाती घेतल्यावर आधी तेथेच पाहते.

कुटुंबगाथेत लग्न हा आत येण्याचा दरवाजा असतो. नवी सून घरात येते, तिच्याबरोबर नवे रक्त, नवा पैसा, नवा स्वभाव येतो, आणि घर तिला किती बदलते व ती घराला किती बदलते यावर पुढची पिढी ठरते. बुडेनब्रोक्स घराण्यातल्या तोनी या मुलीचे लग्न हे जवळजवळ व्यापारी व्यवहारासारखे ठरते आणि फसते, तेव्हा बुडते ते घराचे भांडवलही. मुली घराबाहेर जातात आणि म्हणून बहुतेक कुटुंबगाथांत त्या पानांच्या कडेला सरकतात. पुरुषांच्या ओळीने कथा चालवण्याचा हा तोटा आहे आणि तो लहान नाही. बंगालीत आशापूर्णा देवींनी ही ओळच बदलली. ‘प्रथम प्रतिश्रुती’ (1964), ‘सुवर्णलता’ (1967) आणि ‘बकुलकथा’ (1974) या तीन कादंबऱ्यांत त्यांनी आई, मुलगी आणि नात अशी वंशरेषा धरली. पहिल्या भागाच्या शेवटी सत्यवतीला न विचारता तिच्या लहानग्या मुलीचे लग्न लावले जाते आणि सत्यवती त्या क्षणी संसार सोडून निघून जाते. तेथेही लग्नच पुढच्या कादंबरीचा दरवाजा उघडते, पण येथे लेखिका सासरी जाणाऱ्या मुलीच्या मागोमाग जाते. 1976 साली या लेखनाला ज्ञानपीठ मिळाले, ते योग्यच होते.

मैत्रीच्या कादंबरीत लग्न हा बाहेर जाण्याचा दरवाजा असतो. फेरान्ते यांचा पहिला भाग लीलाच्या लग्नसमारंभाशी संपतो. ती सोळा वर्षांची आहे, आणि तिने भावाबरोबर जिवापाड मेहनत घेऊन बनवलेले बूट ज्याला द्यायचे नाहीत असे ठरले होते, नेमका तोच माणूस ते पायात घालून लग्नाला येतो. नवऱ्याने आपला सौदा केला हे तिला त्या बुटांवरून कळते. पण वाचकाला तो प्रसंग कोण दाखवते याकडे लक्ष द्यावे. तो दाखवते तिची मैत्रीण, जी त्याच मांडवात बसून आपण हिला गमावले की काय, याचा हिशेब करत आहे. कुटुंबगाथेत हाच समारंभ दोन घरांचा असता.

याला एक सुंदर अपवाद आहे. वॉलेस स्टेग्नर यांच्या ‘क्रॉसिंग टू सेफ्टी’ (1987) या कादंबरीत मैत्री दोन जोडप्यांची आहे. 1930 च्या दशकातल्या मंदीत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन येथे मॉर्गन आणि लँग ही दोन तरुण दांपत्ये भेटतात, दोघींनाही दिवस गेलेले असतात, आणि तेथून सुरू झालेले नाते म्हातारपणापर्यंत टिकते. येथे लग्न मैत्रीच्या आड येत नाही. उलट मित्राच्या संसारात काय बिनसले आहे हे सगळ्यात जवळून पाहणारा साक्षीदार मित्रच असतो, आणि पाहूनही त्यात हात घालण्याचा त्याला अधिकार नसतो. दीर किंवा मामा मध्ये बोलू शकतो, मित्र गप्प राहतो. त्या गप्प राहण्यावर एवढी मोठी, जवळजवळ घटनाशून्य कादंबरी उभी आहे. मला ती फेरान्तेंपेक्षाही अधिक धाडसी वाटते.

निवेदकाचा फरकही येथूनच येतो. चार पिढ्या पाहायला कोणीही माणूस जिवंत राहत नाही, म्हणून कुटुंबगाथा बहुधा त्रयस्थ निवेदकाकडे जाते. मैत्रीची कादंबरी मात्र पुष्कळदा मागे राहिलेला मित्र सांगतो. साठी उलटल्यावर लीला स्वतःचा मागमूस पुसून नाहीशी होते, तेव्हा एलेना लिहायला बसते. स्टेग्नरच्या कादंबरीत चॅरिटी लँग मरणाच्या दारात आहे आणि लॅरी मॉर्गन मागचे सारे आठवतो आहे. म्हणून अशा कादंबरीत एक शंका शेवटपर्यंत राहते, की सांगणारा आपल्या मित्राशी प्रामाणिक आहे का, की दुसऱ्याची बाजू ऐकायला कोणी उरले नाही याचा तो फायदा घेतो आहे. कुटुंबगाथेच्या निवेदकाबद्दल ही शंका सहसा येत नाही.

कुटुंबगाथेला वास्तूही लागते. श्री. ना. पेंडसे यांनी मुंबईत बेस्टमध्ये नोकरी केली, पण त्यांची ‘तुंबाडचे खोत’ (1987) ही दोन खंडांची, चार पिढ्यांची कादंबरी कोकणात, जगबुडी नदीच्या काठी घडते. खोती, जमीन, वाटण्या आणि पिढीजात घर हे सारे तेथे होते; मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत चार पिढ्या एका कथेत राहणे अवघड. रोहिंटन मिस्त्री यांच्या ‘फॅमिली मॅटर्स’ (2002) मध्ये मुंबईच्या या अडचणीचाच विषय झाला आहे. एकोणऐंशी वर्षांचे नरिमन वकील पार्किन्सन्सने ग्रासलेले आहेत, सावत्र मुले त्यांना मोठ्या फ्लॅटमधून मुलीच्या लहानशा घरी आणून सोडतात, आणि त्या दोन खोल्यांत जावई, मुलगी, दोन नातू व आजारी म्हातारा हे सारे एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर जगू लागतात. कादंबरी पूर्णपणे कुटुंबाची आहे, पण तिला गाथा म्हणता येणार नाही. तिचा काळ थोडा आहे, आणि पूर्वी आईवडिलांच्या हट्टापायी नरिमनना प्रिय स्त्रीला सोडून दुसरीशी लग्न करावे लागले ही मागची पिढी फक्त आठवणीतून येते. ‘कौटुंबिक’ हा शिक्का मारताना निदान एवढा भेद तरी पाळायला हवा.

मराठीत हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली. ती यमूच्या तोंडची आत्मकथा आहे आणि आपण ती स्त्रीच्या दुःखाची, एकत्र कुटुंबातल्या जाचाची कादंबरी म्हणून वाचत आलो. ते वाचन बरोबरच आहे. पण तिच्यात यमूची बालमैत्रीण दुर्गी आहे. दुर्गीच्या वाट्याला आलेला नवरा आणि त्याने मांडलेला छळ यमूच्या संसाराशेजारी ठेवून पाहिला म्हणजे कळते, की यमूला आपले नशीब समजते ते मैत्रिणीच्या नशिबावरून. सासू, नणंद, दीर या नात्यांनी तिला फक्त जागा दाखवली. समज दिली ती या मैत्रीने. ती मैत्री कादंबरीच्या मध्यावर नाही, म्हणून पुस्तकाची जात बदलत नाही. मात्र पुढच्या वाचनात दुर्गीची पाने सावकाश वाचावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आणि मग किरण नगरकरांची ‘रावण अँड एडी’ (1995) कोणत्या जातीत घालायची? माझगावच्या चाळीत तान्हा रावण आईच्या हातून निसटून खाली पडतो, त्याला झेलताना व्हिक्टर कुटिन्हो मरतो, आणि व्हिक्टरचा मुलगा एडी तेव्हा आईच्या पोटात असतो. त्यानंतर दोघे एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर वाढतात आणि एकमेकांना टाळतात. रक्ताचे नाते नाही, मैत्रीही नाही, पण एकाच्या जगण्यावर दुसऱ्याच्या बापाचे मरण आहे. सगळा काळ एका आयुष्याच्या मापाचा आहे आणि कोणत्याही वहीत न बसणारे बंधन दोघांना धरून ठेवते, म्हणून मी तिला मैत्रीच्या कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवते. 2012 च्या ‘द एक्स्ट्राज’ या पुढच्या भागात ते दोघे खरोखरच मित्र होतात, तेव्हा पहिल्या भागातले ते टाळणेही मैत्रीच्याच हिशेबात जमा होते.