नाव झाकून ऐकलेला हेडफोन

लाउडस्पीकरची आंधळी परीक्षा घेणं सोपं असतं. मध्ये पडदा टाकला की झालं, मागे कुठल्या कंपनीचा डबा वाजतोय ते ऐकणाऱ्याला कळत नाही. हेडफोनच्या बाबतीत मात्र पंचाईत होते. डोक्यावर ठेवताक्षणी वजन कळतं, कानाभोवतीची गादी मखमली आहे की रेग्झिनची ते कळतं, डोकं किती आवळलं जातंय तेही कळतं. ज्याला या वस्तूंचा नाद आहे, तो डोळे मिटूनही मॉडेल सांगेल. आणि एकदा नाव कळलं की कान त्या नावाला जागून ऐकायला लागतात.

ऑडिओ उपकरणं बनवणाऱ्या हर्मन कंपनीतले शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि एलिझाबेथ मॅकमुलिन यांनी २०१३च्या सुमारास यावर तोड काढली. प्रत्येक हेडफोन ऐकणाऱ्याच्या डोक्यावर चढवायचाच नाही. तो कृत्रिम कानावर बसवून मोजायचा, कुठल्या वारंवारतेचा स्वर किती जोरात वाजतो याचा आलेख काढायचा आणि तो आलेख इक्वलायझरनं (वेगवेगळ्या वारंवारता कमीजास्त करणाऱ्या साधनानं) एकाच ठरलेल्या हेडफोनवर उतरवायचा. डोक्यावर सगळा वेळ तोच हेडफोन, बटण दाबलं की आवाज मात्र दुसऱ्या कंपनीचा. खऱ्या हेडफोनांना मिळालेले गुण आणि या सोंगांना मिळालेले गुण बरेचसे जुळले. म्हणजे ‘सोनीचा आवाज’ किंवा ‘सेनहायझरचा आवाज’ असं आपण जे काही म्हणतो, ते मोठ्या प्रमाणात एका वेड्यावाकड्या रेषेत मावतं. (हर्मन ही एकेजी आणि जेबीएलची मालक. तेव्हा यात तिचा धंद्याचा स्वार्थ होताच. पण निष्कर्ष दडवून न ठेवता छापले, हे बरं केलं.)

ही रेषा सरळ का नसते? सगळ्या वारंवारता सारख्याच जोरात वाजवल्या की काम झालं, असं वाटू शकतं. तसा हेडफोन कुणी बनवलाच, तर तो कोंदट आणि लांबून आल्यासारखा वाजेल. दोष आपल्या कानाचा. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि एका टोकाला पडद्यानं बंद असते. पेनाच्या टोपणात फुंकर मारली की शीळ वाजते, तसंच इथे घडतं. नळीच्या लांबीला साजेशी वारंवारता आपोआप फुगते, ३००० हर्ट्झच्या (सेकंदाला तीन हजार कंपनांच्या) आसपास. बाहेरच्या पाळीचा खळगा त्यात आणखी भर घालतो. समोर अगदी सपाट वाजणारा स्पीकर असला, तरी पडद्यापाशी पोचेपर्यंत हा पट्टा दहाहून जास्त डेसिबलनं वर चढलेला असतो. मेंदूला ही चढण सवयीची, म्हणून तिच्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कानात खोचायचा इअरफोन तर या नळीचं तोंडच बुजवतो, त्यामुळे तिथली चढण कंपनीला स्वतः घडवावी लागते. शिवाय खोलीतल्या भिंतींमुळे स्पीकरचा बास, म्हणजे खालचा जाड आवाज, जरा फुगतो. हेडफोनला भिंती नाहीत, तेव्हा तेवढा बासही वरून घालावा लागतो.

किती घालायचा, यावरच कंपन्यांचे रस्ते वेगळे होतात. ऑलिव्ह मंडळींनी हा प्रश्न सरळ ऐकणाऱ्यांपुढे टाकला. कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि चीनमधल्या २३८ जणांनी नावं माहीत नसताना आवाजांना गुण दिले. चांगल्या खोलीत चांगला स्पीकर जसा वाजतो, तसा वाजणारा हेडफोन सरासरीनं पहिला आला. वय, देश, अनुभव बदलूनही कौल फारसा फिरला नाही. भारत या चार देशांत नव्हता, ही माझी बारीकशी तक्रार. तबला-तानपुऱ्यावर वाढलेले कान काय म्हणाले असते, हे ऐकायला आवडलं असतं.

पुढच्या एका अभ्यासात मात्र आवडीचे तीन गट पडले. १३० श्रोत्यांपैकी ६४ टक्क्यांना हीच, म्हणजे चांगल्या खोलीतल्या स्पीकरसारखी, हर्मनची रेषा आवडली, १५ टक्क्यांना त्याहून जास्त बास हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. कमी बास मागणाऱ्यांत स्त्रिया आणि पन्नाशी ओलांडलेले लोक तुलनेनं जास्त होते. ‘कुठला ब्रँड घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी त्याचा गट कोणता ते विचारतो, ते यामुळेच.

कारण ब्रँड हा कच्चा पुरावा आहे. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७चा हेडफोन गाणाऱ्याच्या गळ्यासाठी आजही नावाजला जातो, पण त्याची पाठ बंद नसून उघड्या जाळीची असल्यानं त्याचा अगदी खालचा बास ओसरलेला असतो. त्याच कंपनीचा एखादा ब्लूटूथ हेडफोन लावा, बास दणदणीत सापडेल. बेयरडायनॅमिकच्या डीटी ९९०ची आठ-नऊ हजार हर्ट्झजवळची धार काहींना लख्ख वाटते, काहींना टोचते. वर मालकही बदलत असतात. २०१४मध्ये बीट्स ॲपलकडे गेली, २०१७मध्ये हर्मन सॅमसंगकडे, आणि सेनहायझरचा घरगुती हेडफोनचा धंदा २०२२मध्ये श्रवणयंत्रं बनवणाऱ्या सोनोव्हाकडे. किमतीबद्दल एकच सांगतो. येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २०१७मध्ये २८३ हेडफोनांचे आलेख तपासले, आणि किंमत व आलेख यांचा काही संबंध सापडला नाही.

दुकानात दोन हेडफोन शेजारीशेजारी ऐकताना सर्वात मोठी फसगत आवाजाच्या पातळीनं होते. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३मध्येच दाखवून दिलं होतं की हळू आवाजात आपल्या कानाला बास कमी ऐकू येतो. त्यामुळे जो हेडफोन किंचित मोठा वाजतो, तो भरीव वाटतो आणि बाजी मारून जातो. यावर माझा उपाय साधा आहे. आधी कुणाचं तरी नुसतं बोलणं लावायचं, दोन्हींवर ते सारखं मोठं वाटेल असं बटण फिरवायचं आणि मगच गाण्याकडे वळायचं. चष्मा असेल तर तो काढून एकदा ऐका. काडीमुळे गादीला फट पडते आणि तिथून बास गळतो. बंद पाठीच्या हेडफोनवर हाताचा हलका दाब दिल्यावर बास वाढला, तर दोष ब्रँडचा नाही, फटीचा आहे.

ऐकायचं काय? पाठ असलेलं काहीही. माझी निवड विलंबित ख्यालाची. डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपास असतो. तिथे हेडफोन कमी पडला, तर ‘धा’ हा ‘ता’कडे झुकतो, कारण उजव्या हाताचा बोल तेवढा उरतो. बास अती असला तर घसीट (डग्ग्यावर तळवा घासून काढलेला नाद) सगळ्या मैफलीवर पांघरूण घालते आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझण, विझते. सहा ते आठ हजार हर्ट्झचा पट्टा उसळलेला असेल, तर गायिकेचा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ सुईसारखा येतो. दोन मिनिटांत तो त्रास जाणवत नाही, अर्ध्या तासानं जाणवतो, म्हणून घाईनं निकाल देऊ नये.

हे सगळं करूनही बाजारात मनासारखा आवाज मिळेलच असं नाही. तेव्हा आरामदायक बसणारा आणि बऱ्यापैकी वाजणारा हेडफोन घ्यावा आणि उरलेलं काम फोनमधल्या इक्वलायझरवर सोपवावं. शंभर हर्ट्झखालचा पट्टा तीन डेसिबल वर करून एक आठवडा ऐका, मग तीन डेसिबल खाली करून ऐका. आपला गट कोणता ते कळायला तेवढं पुरतं. बास वाढवताना एकूण पातळी तेवढीच खाली घ्यायला विसरू नका, नाहीतर ढोलकीच्या पहिल्या थापेलाच आवाज फाटेल.