पाटणादेवीच्या वाटा शांत कशा झाल्या

पावसाळ्यातल्या रविवारी चाळीसगावहून निघालं की जेमतेम 18 किलोमीटरवर पाटणादेवीचं रान लागतं. देवीचं दर्शन, धवलतीर्थाच्या धबधब्यापाशी फोटो, सोबत आणलेली शेव-भाजी. बहुतेक मंडळी इथूनच माघारी फिरतात. केदारकुंडाकडे किंवा वर पितळखोऱ्याच्या अंगाला जाणारी पायवाट धरली, की थोड्याच वेळात कानावर येतो तो ओढ्याचा आवाज आणि आपल्याच बुटांची करकर. गावाच्या इतक्या जवळ एवढी निवांत रानवाट कशी काय टिकली, असं कुणालाही वाटेल. पण ती टिकलेली नाही, पुन्हा निवांत झाली आहे. एकेकाळी इथे चांगली वर्दळ होती.

खोऱ्याच्या वरच्या अंगाला पितळखोरा लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास ती कोरायला सुरुवात झाली. तिथल्या खांबांसाठी दान देणाऱ्यांत पैठणचा एक गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. तिथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर कान्हदास या सोनाराचं नाव कोरलं आहे. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अत्तरवाला आणि सोनार आडरानात पैसा आणि हात लावतात, ते ती वाट आपल्या धंद्याची असते म्हणून. दख्खनच्या पठारावरचा माल खानदेशात उतरायचा तो अशाच खिंडींतून.

खरी मौज मात्र खालच्या पाटण गावाची. यादवांचे मांडलिक निकुंभ इथे नांदत होते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. त्या मठाला 1207 मध्ये दिलेल्या दानाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये प्रसिद्ध केला. लेख संस्कृत, पण व्यवहाराची गोष्ट निघाली की भाषा सरळ मराठीवर येते. पाटणात जे ‘केणें’, म्हणजे विक्रीचा माल, उघडलं जाईल त्यावरचं राजाचं उत्पन्न मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळं. जेवढे घाणे चालतील, तेवढ्यांमागे पळी पळी तेल. भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ शिकणाऱ्या पोरांच्या दिव्यात या घाण्यांचं तेल जळत असेल, असं मला उगाच वाटत राहतं. आज तिथे उभं राहिलं तर घाणाही नाही आणि हाटही नाही. धावडा, पळस आणि मध्येच माकडांची झुंड, बस.

पुढे पाटण ओस पडलं. डोंगर भिल्लांच्या ओळखीचे राहिले. 1818 नंतर इंग्रजांना ते काही केल्या आवरेनात, म्हणून 1825 मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली. शेजारच्या कन्नड घाटाला त्याचंच नाव चिकटलं आणि ‘गौताळा औट्रमघाट’ म्हणून ते अभयारण्याच्या पाटीवरही आलं. ज्यांना या डोंगरातली वाट न् वाट पाठ होती, त्यांचं नाव मात्र त्या पाटीवर नाही.

वर्दळ गेली ती घाटरस्त्याने आणि रेल्वेने. 1860 च्या दशकात लोहमार्ग खानदेशात आला, चाळीसगावला स्टेशन झालं आणि माल तिकडे वळला. सोलापूर-धुळे वाहतूक कन्नड घाटातून जाऊ लागली. बैलांच्या जुन्या वाटेवर उरले गुराखी, लाकूडफाटा आणणाऱ्या बाया आणि नवरात्रातले भाविक.

1986 मध्ये सुमारे 260 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. चराई आणि तोड यांना कायद्याचा चाप बसला, तसे हे लोकही वाटांवर कमी दिसू लागले. वर्षानुवर्षं गुरांच्या खुरांनी मोकळी राहिलेली वाट आता एका पावसात गवताखाली जाते. मागच्या श्रावणात केदारकुंडाच्या अलीकडे आम्ही ती दोनदा चुकलो. दोन्ही वेळा सापडली ती दगडांच्या झिजेवरून: मधला भाग गुळगुळीत, कडा खरबरीत.