संगीतोपचार

आजार, अपंगत्व, मानसिक त्रास, वार्धक्य वा एकाकीपण यांनी अडलेल्या माणसाला सावरण्यासाठी प्रशिक्षित उपचारकाने योजनापूर्वक केलेला संगीताचा उपयोग. गाणे, वाद्य वाजवणे, दोघांनी मिळून सुचेल तसे वाजवणे, गीत रचणे आणि ऐकणे ही त्याची साधने. आधी रुग्णाची पाहणी, मग उद्दिष्ट, मग ठरलेल्या बैठका आणि प्रत्येक बैठकीची नोंद, असा क्रम असतो. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला हेडफोनवर ध्वनिमुद्रित संगीत ऐकवणे उपयुक्त असले तरी तो प्रकार निराळा. त्यात उपचारक आणि रुग्ण यांच्यात काही घडत नाही. या दोहोंचे निष्कर्ष एकत्र केल्याने लोकप्रिय लेखनात बरेच गैरसमज शिरले आहेत.

प्राचीन उल्लेख आणि रागचिकित्सेचा वाद : संगीताने मन निवते ही समजूत फार जुनी. बायबलच्या जुन्या करारात दावीद वीणा वाजवून शौल राजाची अस्वस्थता शमवतो. तुर्कस्तानातील एदिर्ने येथे सुलतान दुसरा बायेझिद याने बांधलेल्या आणि १४८८ मध्ये पूर्ण झालेल्या वास्तुसमूहातील रुग्णालयात मनोरुग्णांसाठी आठवड्यातून तीनदा गायन-वादन होई, असे सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी याने लिहून ठेवले आहे.

भारतीय आधार अधिक गुंतागुंतीचा आहे. चरकसंहितेचा काळ साधारणपणे इ. स. पू. पहिले ते इ. स. दुसरे शतक असा धरतात. तिच्यातील थर वेगवेगळ्या काळांचे असल्याने तो काटेकोरपणे सांगणे कठीण. तिच्या सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात रुग्णगृहाची सिद्धता वर्णिली आहे. वाऱ्याचा झोत लागणार नाही, पण एका बाजूने हवा खेळेल अशी वास्तू, स्वयंपाकी, अंग रगडणारे, औषध कुटणारे यांच्या जोडीला गीत, वाद्य, श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास आणि पुराण यांत कुशल माणसे तेथे असावीत, असे म्हटले आहे. ही माणसे रुग्णाच्या मनातले ओळखणारी, त्याला पसंत असलेली आणि वेळप्रसंग जाणणारी असावीत, ही अटही सोबत आहे. अमुक रोगावर अमुक स्वर, असे विधान मात्र तेथे नाही.

विशिष्ट रोगावर विशिष्ट राग ही कल्पना ‘ऋषिमुनींची’ म्हणून सांगितली जाते, तेव्हा कालक्रम आड येतो. रागाचे पहिले स्पष्ट लक्षण मतंगाच्या बृहद्देशी या संगीतग्रंथात मिळते आणि तिचा काळ बहुतेक अभ्यासक सहावे ते नववे शतक यांच्या दरम्यान ठेवतात. रक्तदाबावर सांगितला जाणारा दरबारी कानडा तर परंपरेनेच तानसेनाच्या, म्हणजे सोळाव्या शतकातील अकबराच्या दरबाराशी जोडला आहे. शिवाय आज गायले जाणारे राग आणि त्याच नावांचे मध्ययुगीन राग यांची स्वररूपे अनेकदा जुळत नाहीत.

रोगनाशाचा प्रत्यक्ष उल्लेख नारदाच्या नावावरील संगीतमकरंदात सापडतो. व्याधी, शत्रू, भय आणि शोक यांच्या नाशासाठी औडव म्हणजे पाच स्वरांचे राग गावेत, असे तो ग्रंथ सांगतो. १९२० मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत तो प्रसिद्ध करताना संपादक मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी त्याचा काळ सातवे ते अकरावे शतक असा मानला. पुढील अभ्यासकांपैकी काहींना तो बराच उत्तरकालीन वाटतो. काळ कोणताही धरला, तरी वर्गीकरण स्वरसंख्येवर आहे आणि व्याधीच्या पंक्तीत शत्रूही बसले आहेत. फलश्रुतीच्या या भाषेला वैद्यकीय योजना मानणे सयुक्तिक नाही.

या संदर्भात देवगिरीच्या शार्ङ्गदेवाची साक्ष सर्वांत मोलाची. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या या ग्रंथकाराने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर रचला. (तेलंगांनीच संपादित केलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये काढली.) पहिल्याच अध्यायात पिंडोत्पत्तीचे मोठे प्रकरण आहे. गर्भाची महिनेवार वाढ, अस्थी, नाड्या, चक्रे आणि कोणत्या चक्राच्या कोणत्या पाकळीमुळे गानसिद्धी मिळते वा नासते, हे सर्व त्यात येते. म्हणजे विचाराची दिशा शरीराकडून नादाकडे आहे. आरंभीच्या श्लोकांत तो आपण रोग्यांना रसायने देत असल्याचे सांगतो. दोन्ही विद्या जाणणारा हा माणूस रोगावर औषधच देतो, राग देत नाही. त्यामुळे रोगनिहाय रागांच्या प्रचलित याद्या अर्वाचीन मानणे अधिक योग्य. ओंकारनाथ ठाकूर यांच्या गायनाने मुसोलिनीला झोप लागल्याची १९३३ ची कथा प्रसिद्ध आहे. उपचाराचा पुरावा म्हणून ती घेता येत नाही.

आधुनिक व्यवसाय : दोन्ही महायुद्धांनंतर अमेरिकेतील सैनिकी रुग्णालयांत संगीतकार येऊ लागले आणि केवळ चांगले वाजवता येणे पुरत नाही, हे डॉक्टरांच्या व त्यांच्याही ध्यानात आले. १९४४ मध्ये मिशिगन राज्यात पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, १९४६ मध्ये कॅन्सस विद्यापीठात ई. थेअर गॅस्टन यांनी अध्यापनाला आरंभ केला आणि १९५० मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ब्रिटनमध्ये चेलोवादक ज्युलिएट अल्व्हिन यांनी १९५८ मध्ये संस्था काढली. तेथे १९९७ पासून या व्यवसायाला शासकीय नोंदणी आहे. अमेरिकन संगीतरचनाकार पॉल नॉर्डॉफ आणि विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स १९५९ मध्ये वूस्टरशरमधील सनफील्ड येथे एकत्र आले. त्यांच्या पद्धतीत एक जण पियानोवर बसतो, दुसरा मुलाजवळ. मूल ढोल बडवील त्या लयीला, रडेल त्या सुराला पियानो साथ देतो. आपल्या आवाजाला उत्तर मिळते हे मुलाला उमगले की संवाद सुरू होतो.

वाणी आणि चाल : मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन बोलणे गेलेली माणसे गाऊ शकतात, हे स्वीडनमध्ये उलोफ डालिन याने १७४५ मध्येच नोंदले होते. त्यावर आधारलेली स्वरोच्चार पद्धती बॉस्टनमधील अल्बर्ट, स्पार्क्स व हेल्म यांनी १९७३ मध्ये मांडली. उपचारक रुग्णाचा डावा हात हातात घेऊन प्रत्येक अक्षराला ठोका देतो आणि ‘पाणी दे’ यासारखे रोजचे वाक्य दोनच स्वरांत, एक वरचा व एक खालचा, सावकाश गातो. आधी नुसते गुणगुणणे, मग दोघांनी एकत्र म्हणणे, मग मध्येच उपचारकाने आवाज काढून घेणे, मग रुग्णाने एकट्याने म्हणणे आणि शेवटी ‘काय हवं?’ या प्रश्नाला उत्तर देणे, अशा पायऱ्या आहेत. पुढे सूर काढून टाकून साध्या बोलण्याकडे यायचे असते.

इंग्रजीत वरचा स्वर आघात असलेल्या अक्षरावर पडतो. मराठीत शब्दाघात तितका ठळक नाही, ऱ्हस्व-दीर्घाचे वजन अधिक. त्यामुळे ही पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही, मात्रांच्या अंगाने ती बांधावी लागते.

ही पद्धत काम कशी करते, यावर एकमत नाही. उजवा मेंदू भार उचलतो, ही मूळ कल्पना. गॉटफ्रीड श्लाउग यांच्या गटाने २००९ मध्ये सहा रुग्णांत उजव्या बाजूचे मज्जातंतूंचे जाळे वाढल्याचे दाखवले. उलट १९९६ च्या एका फ्रेंच अभ्यासात डावाच भाग पुन्हा जागा झालेला दिसला. जर्मनीत बेन्यामिन श्टाल व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १७ रुग्ण तपासून सुरापेक्षा लय आणि तोंडात बसलेले शब्द यांना महत्त्व दिले. हे मत सध्या अधिक पटण्यासारखे आहे; पाठ असलेला अभंग न अडखळता म्हणणारा रुग्ण स्वतःचे नवे वाक्य तितक्या सहज बोलू शकेलच असे नाही, याचा उलगडा त्याने होतो.

चालण्याच्या बाबतीत चित्र बरेच स्पष्ट आहे. कंपवाताच्या रुग्णाची पावलांची गती मोजून तिच्यापेक्षा पाच ते दहा टक्के जलद ठोका ऐकवला, की पाऊल त्या ठोक्याला बांधले जाते. मायकेल थाउट यांच्या १९९६ च्या अभ्यासात तीन आठवड्यांच्या सरावाने चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला.

संशोधन : २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातील एका आढाव्याने ७३ चाचण्या एकत्र करून शस्त्रक्रियेनंतरची वेदना, चिंता आणि वेदनाशामकांची गरज संगीताने कमी होते, असे दाखवले, हा पुरावा प्रामुख्याने ध्वनिमुद्रित श्रवणाचा आहे. फिनलंडमध्ये २०११ च्या चाचणीत नैराश्याच्या ७९ रुग्णांपैकी संगीतोपचार मिळालेल्या गटाची स्थिती तीन महिन्यांनी अधिक सुधारली, पण सहा महिन्यांनी तो फरक तितका उरला नाही. स्वमग्न मुलांबाबत नऊ देशांतील ३६४ मुलांची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि सामाजिक लक्षणांत ठोस फरक आढळला नाही, ही पालकांना निराश करणारी बातमी होती. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात २६ अभ्यास पाहता एकूण सुधारणेची शक्यता वाढते असे दिसले; सामाजिक संवादाबद्दलचा पुरावा तेव्हाही स्पष्ट नव्हता. मोट्झार्ट ऐकून बुद्धी वाढते, हा समज ३६ विद्यार्थ्यांवरील १९९३ च्या एका प्रयोगातून पसरला. त्यातील परिणाम दहा-पंधरा मिनिटांचा होता आणि त्याचा संगीतोपचाराशी संबंध नाही.

समुदायातील कार्य : नॉर्वेतील सांडाने या लहान गावी १९८० च्या दशकात ब्रिन्युल्फ स्टिगे मतिमंद प्रौढांच्या गटाबरोबर काम करीत. पहिल्याच भेटीत भिंतीवरचे गावच्या बँडचे फोटो पाहून गटातील एकाने, आम्हालाही बँडमध्ये वाजवता येईल का, असे विचारले. या प्रश्नाने उपचाराची खोली अपुरी ठरवली. गावातील संगीतात या माणसांना जागा मिळणे हेच उद्दिष्ट बनले. गॅरी अ‍ॅन्सडेल यांनी २००२ मध्ये या प्रवाहाला सैद्धांतिक रूप दिले. उपचाराच्या मर्यादा पुसट होतात, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. ऑस्ट्रेलियातील वृद्धाश्रमांत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्मृतिभ्रंश व नैराश्य असलेल्या ३१८ जणांपैकी समूहगायनात सहभागी झालेल्यांचे नैराश्य सहा महिन्यांनी कमी झाले, गटाने केलेल्या संगीतोपचाराचा तसा परिणाम दिसला नाही. व्यावसायिकांना हा निष्कर्ष अवघड वाटला तरी तो दडवण्याजोगा नाही.

भारत : बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत शांतला हेगडे यांची संगीत-बोधन प्रयोगशाळा आहे, चेन्नई व पुदुच्चेरी येथे प्रशिक्षण मिळते. या व्यवसायासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नसल्याने अल्पकालीन वर्गातून आलेले आणि रुग्णालयात दीर्घ अनुभव घेतलेले दोघेही एकाच नावाने काम करतात. महाराष्ट्रात रागचिकित्सेच्या ध्वनिफिती आणि शिबिरे पुष्कळ आहेत, नियंत्रित चाचण्या तुरळक. वृद्धाश्रमांतील भजने, भूपाळ्या आणि जुनी नाट्यपदे यांचा उपयोग कर्मचारी अनुभवाने करतात. स्मृतिभ्रंशात तरुणपणी ऐकलेली गाणी दीर्घकाळ टिकतात, हे ध्यानात घेता कोणत्या पिढीला कोणती गाणी, याची पद्धतशीर नोंद येथे तातडीने व्हायला हवी. ओव्या पाठ असलेली जात्यावरची पिढी आता फार थोडी उरली आहे.