५जीसाठी नवं सिम लागत नाही

‘४जीचं सिम ५जीला चालत नाही, बदलून घ्या’ हे १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी आलं तेव्हापासून ऐकू येतंय. जिओ आणि एअरटेल या दोघांनीही तेव्हाच सांगितलं होतं, की ४जीचंच सिम चालेल. सिम म्हणजे निव्वळ ओळखपत्र. त्यात ग्राहक क्रमांक आणि एक गुप्त किल्ली असते. लहरी पकडतो तो फोनमधला मोडेम. म्हणून फोन मात्र ५जीचाच हवा. तोही असून वर ‘४जी’च दिसत असेल, तर सेटिंगमध्ये ‘प्रेफर्ड नेटवर्क टाइप’ बघा, बऱ्याचदा घोडं तिथेच पेंड खातं. आणि ‘सिम अपग्रेड करतो, ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याचा फोन सरळ कापा. तुमचा नंबर त्याच्या सिमवर गेला, की बँकेचे ओटीपीही तिकडेच जातात.