पंपाचा स्क्रू, चिप, डब्बा अन् रिमॅप: टर्बो गाडीचा पिकअप वाढवायची पार्श्वभूमी

डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हापासून आमच्याकडे वर्धा-वाशिम पट्ट्यात एक प्रश्न लय ऐकू येऊन रायला, टर्बोवाली, म्हणजे जास्तीची हवा दाबून इंजिनात भरणारी, डिझेल गाडी हाय, थोडा पिकअप पाहिजे, तर रिमॅप करू, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून घेऊ, का ते चिपवालं डब्बं बाहेरून लावू. हे दोन्ही आले कुठून ते पाहिलं तर निम्मं उत्तर तिथंच सापडते.

तसं पाहिलं तर इकडे इंजिनशी खेळणं नवं नाही. कमांडर-मार्शलच्या जमान्यात आठवडी बाजाराची गाडी माणसं कोंबून घाटात चढेना झाली की मालक पंपवाल्याकडे न्यायचा. इंजिनाला डिझेल देणाऱ्या मायको कंपनीच्या पंपावर जास्तीत जास्त डिझेल किती जाईल ते ठरवणारा एक स्क्रू, त्याला लॉकनट, वरून सीलची तार. पंपवाला तार तोडायचा, नट ढिला करून स्क्रू पाव फेरा आत घ्यायचा, पोराला रेस द्यायला लावायचा अन् स्वतः मागं उभा राहून धूर पाहायचा, मशीन-बिशीन काही नाही, डोळ्यानंच सेटिंग. पण त्यातल्या बहुतेक इंजिनांना टर्बो नव्हता, हवा जेवढी ओढली जाईल तेवढीच, मग जास्तीचं डिझेल नीट जळत नसे अन् काळं होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडे. पिकअप थोडासा, ॲव्हरेज मात्र गेलं.

तिकडे युरोपात 1979 मध्ये बॉशची मोट्रॉनिक सिस्टीम बीएमडब्ल्यू 732आय मध्ये आली, पेट्रोल किती अन् ठिणगी कधी हे दोन्ही एकाच कॉम्प्युटरकडं गेलं. त्याचे आकडे ईप्रॉम नावाच्या, पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपमध्ये असत. ट्यूनर लोक ती चिप काढून वाचायचे, आकडे बदलून नवी चिप भरायचे. पुढं टर्बोचा दाबही त्याच कॉम्प्युटरच्या हातात गेला, म्हणून टर्बो गाडीला फरक जास्त पडे, बिनटर्बोच्या गाडीत हाती फारसं लागत नाही, हे आजही तसंच हाय. मग खोलून चिप बदलायची गरजच संपली, फ्लॅश मेमरी आली, डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडी तपासायला मेकॅनिक मशीन जोडते ते) लॅपटॉप जोडा, फाइल वाचा, बदला, परत टाका. हाच रिमॅप.

आता डब्बा. 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 मध्ये कॉमन रेल डिझेल आलं. एका पाइपात हजार-तेराशे बारच्या दाबानं डिझेल भरून ठेवलेलं, अन् तो दाब किती हे एक सेन्सर व्होल्टेजमध्ये इसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगते. डब्बा बसते तो या दोघांच्या मधात. कापसाच्या खरेदीत व्यापारी काटा मारते ना, अगदी तसंच, खरा दाब जास्त असला तरी इसीयूला कमी दाखवते, इसीयू बापडा पंपाला म्हणते वाढव, इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहते पण डिझेल जास्त जाते. महागडे डब्बे बूस्टच्या, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाच्या सेन्सरलाही जोडतात, स्वस्तवाल्यात आत पाहाल तर दोन-चार पार्ट अन् पिकअप कमी-जास्त करायला एक बारीक स्क्रू. तरी डब्बा चालला, कारण फाइल कोणी बदलू नये म्हणून इसीयूला सॉफ्टवेअरची कुलपं लागत गेली, वॉरंटीचा धाक होता, अन् डब्बा सर्व्हिसिंगच्या आधी दहा मिनिटात काढून ठेवता येते. वरून तो कुरिअरनं पुसदलाही येते, चांगला ट्यूनर येत नाही!

आपल्याकडं 2005 च्या आसपास स्कॉर्पिओ सीआरडीई अन् सफारी डायकॉर आल्या, 2007 मध्ये फियाटच्या 1.3 मल्टीजेटवाली स्विफ्ट आली अन् कॉमन रेल गावोगावी पोचलं. स्विफ्टला 75 पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), पुढं एसएक्स4 ला त्याच इंजिनातून 90, मग चौकात चर्चा की बापा फरक फक्त सॉफ्टवेअरचा. चूक हाय ते, 90 वाल्याचा टर्बोच वेगळा होता, व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलणारा. रिमॅपनं डिझेल, टायमिंग, बूस्ट, धुराची मर्यादा सगळं बदलता येते, पण लोखंड तेच राहते, क्लचही तोच.

माझं मत विचाराल तर रिमॅपच, अन् तेही हलका. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, गरम हवेत ऑक्सिजन कमी, म्हणून कंपनीच्या मॅपमध्ये तापमान पाहून डिझेल आवरायचा हिशोब असते. शहाणा ट्यूनर तो हिशोब तसाच ठेवते, डब्ब्याला मात्र इंजिनात काय चाललं ते दिसतच नाही, तो आपलं वरून ढकलत राहते. त्यात ट्रॉली ओढायची असंल तर बिचाऱ्या टर्बोचे हाल विचारूच नका.

एप्रिल 2020 नंतरची बीएस6, म्हणजे धुराच्या कडक नियमाची गाडी असंल तर वेगळी भानगड. बहुतेकांत डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या नळकांड्यात काजळी अडवणारी जाळी हाय, जास्त डिझेल म्हणजे जास्त काजळी, अन् गाव ते तालुका एवढ्याच फेऱ्या असल्या तर ती जळून साफ व्हायला लागणारा गरमपणा नळकांड्यात येतच नाही, लवकरच डॅशबोर्डवर इशाऱ्याची लाइट लागते. कायदाही हाय, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करायला अडवते अन् 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलामागं 5000 रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रिमॅप बाहेरून दिसत नाही हे खरं, पण क्लेमच्या वेळी विमावाल्यानं इसीयू तपासायला लावला तर भांडत बसावं लागंल. तरी करायचाच असंल तर ट्यूनरनं काढलेली मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या, अन् तो देत नसंल तर तिथून गाडी काढा.