विदर्भातील बकरीपालन

विदर्भाच्या खेड्यांत अंगणात किंवा कोठ्यात दोन-चारपासून वीस-पंचवीसपर्यंत बकऱ्या बांधून, दिवसा त्या चारून आणि त्यांची पैदास करून विकण्याचा घरगुती व्यवसाय. पुस्तकातली ‘शेळी’ इथे बोलण्यात फारशी येत नाही. मादी ती बकरी, नर तो बोकड, आणि अजून न जनलेली (न व्यालेली) तरुण मादी म्हणजे पाठ. भूमिहीन मजुराच्या आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी बकरी ही हाताशी असलेली रोकड असते. मृगाच्या तोंडावर बियाणे घ्यायचे, पोराची फी भरायची, दवाखान्यात जायचे, अशा वेळी गाय-बैल विकायचा म्हणजे घर हलते; बोकड मात्र आठवडी बाजारात सकाळी नेला तर दुपारी पैसे घरात येतात. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या.

इथली स्वतःची जात बेरारी. बेरार म्हणजे वऱ्हाड, त्यावरून हे नाव. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला हा तिचा मुख्य पट्टा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. अंगाचा रंग फिकट ते गडद तांबूस, पाठीवर काळी रेघ, तोंडाच्या दोन्ही बाजूंना शिंगांपासून नाकपुडीकडे उतरणारे पट्टे आणि लोंबते पानासारखे कान. लाखेसारख्या रंगामुळे तिला लाखी असेही म्हणतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हाही ही बकरी बाभळीचा पाला आणि वाळल्या शेंगांवर तग धरते.

दिवसाचे काम झाडण्यापासून सुरू होते. लेंड्या गोळा करून खड्ड्यात टाकायच्या. लेंडीखताला वावरात मान आहे. हे काम आणि आजारी जनावर ओळखण्याचे काम बहुतेक घरांत बाई करते. कोणती बकरी रवंथ करत नाही, कोणाची शेपटी घाण झाली, कोण मागे राहते, हे तिला झाडता झाडता दिसते. चारायला नेणारा बहुधा म्हातारा माणूस किंवा राखणदार असतो; काही जण दुसऱ्याच्या बकऱ्या बटईने पाळतात आणि झालेली पिल्ले मालकाशी निम्मी वाटून घेतात. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात दव वाळल्याशिवाय कळप बाहेर काढायचा नाही, कारण ओल्या गवताच्या पात्यांवर जंतांच्या अळ्या असतात. उन्हाळ्यात याच्या उलट: पहाटे काढायचे, दहाच्या आत सावलीला आणायचे, पुन्हा उन्हे उतरल्यावर न्यायचे.

चराईचे गणित पिकाशी बांधलेले आहे. जून ते ऑक्टोबर वावरात सोयाबीन, कपाशी, तूर उभी असते. तेव्हा धुरा (बांध), नाल्याचा काठ आणि पडीक एवढेच उरते आणि शेजाऱ्याशी भांडणे याच दिवसांत होतात. पिके निघाली की सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे कुटार (भुसा) साठवले जाते. शेवटच्या वेचणीनंतर कपाशीत बकऱ्या सोडण्याची जुनी चाल आता कृषी खातेही सुचवते, कारण त्या उरलेली बोंडे खातात आणि त्यातली गुलाबी बोंडअळी संपते. फवारणी ताजी असेल तर मात्र त्या वावराकडे फिरकूही देऊ नये. कोवळ्या ज्वारीचेही तसेच: किराळ (कोवळ्या ज्वारीतले विष) लागली की जनावर तासाभरातही जाते.

पैदास हा या व्यवसायाचा गाभा, आणि सर्वांत दुर्लक्षित भागही तोच. बकरी साधारण २१ दिवसांनी माजावर येते. ओरडते, शेपूट हलवते, चारा टाकते. माज दीड-दोन दिवस टिकतो. फळली की सुमारे १५० दिवसांनी जनते. म्हणून फळण्याचा महिना हातात ठेवला तर निम्मी काळजी मिटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळलेली बकरी ऐन जुलै-ऑगस्टच्या चिखलात जनते आणि पिल्ले ओलीने, हगवणीने मरतात. मे-जूनमध्ये फळली तर पिल्ले दिवाळीच्या सुमारास येतात. तेव्हा पाला भरपूर असतो आणि कोठा कोरडा असतो. पिल्लाला तासाभराच्या आत चीक मिळायलाच हवा. ‘वार (जार) पडेपर्यंत पाजू नये’ हा समज अजून पुष्कळ घरांत आहे, आणि त्यापायी धडधाकट पिल्ले हकनाक जातात. वार पडायची वाट न बघता नाळ कापून आयोडीन लावावे आणि पिल्लू लगेच सडाला लावावे.

रोगांत दोन मुख्य. पीपीआर ही विषाणूची साथ अख्खा कळप झोपवते. तिची लस एकदा दिली की सुमारे तीन वर्षे पुरते. आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग, पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर येतो आणि नेमके सर्वांत खादाड, गुबगुबीत पिल्लू रात्रीतून नेतो. त्याची लस मे महिन्यातच टोचून घ्यावी लागते. जंताचे औषध पावसाळ्याआधी आणि नंतर.

विक्री अजूनही नजरेच्या अंदाजाने होते, आणि त्यात व्यापाऱ्याची नजर मालकापेक्षा तयार असते. साधा वजनकाटा घरी असला तर फार फरक पडतो. आखाडात गावोगावी मटणाचे हिस्से पडतात तेव्हा भाव चढतो, श्रावणात उतरतो. बकरी ईदला वर्ष पूर्ण झालेला, दोन दाती बोकड लागतो; गिऱ्हाईक आधी तोंड उघडून बघते.

या विक्रीतच जातीचे नुकसान दडले आहे. भरभर वाढलेला, देखणा बोकड पाच-सहा महिन्यांतच खाटकाकडे जातो, कारण त्याचेच पैसे चांगले येतात. मागे राहतो तो किरकोळ, आणि गावातल्या बकऱ्या त्याच्याकडूनच फळतात. पुढे त्याच्याच लेकीही. चार-पाच पिढ्यांत अंगकाठी लहान होते, मग दोष जातीवर येतो आणि कोणीतरी दूरच्या बाजारातून जमनापारी किंवा सिरोही जातीचा बोकड आणतो. जुळ्यातला, चांगल्या दुधाच्या आईचा, दोन्ही वृषणे सारखी असलेला एक नर दीड वर्षाचा होईपर्यंत राखला, तर तो २० ते २५ बकऱ्यांना पुरतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची पैदाशीची प्रक्षेत्रे विदर्भात अमरावती जिल्ह्यात पोहरा आणि नागपूर जिल्ह्यात बोंद्री येथे आहेत. पण दोन-चार बकऱ्यांच्या घराला स्वतंत्र बोकड पोसणे परवडत नाही. तिथे चार-पाच घरांनी मिळून एक बोकड राखायचा, त्याच्या ढेपेचा (पेंडीचा) खर्च वाटून घ्यायचा, आणि दोन वर्षे झाली की दुसऱ्या गावच्या बोकडाशी तो बदलायचा.